मागे घेतलेले पाऊल: इंटरनेटवरची कोंडी आणि वेगाचे गणित

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ होती. घरातल्या जुन्या छायाचित्रांचे स्कॅन धाकट्या भावासाठी मी इंटरनेटवर चढवत बसलो होतो आणि आतल्या खोलीत पत्नी तिच्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. दोनच मिनिटांत आतून हाक आली, "अहो, तुमचं ते काय चाललंय ते थांबवा, आई अडकत अडकत बोलतेय."

थांबवण्याआधी मी मोजून पाहिले. दूरच्या सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो, हे कोणत्याही संगणकावर पाहता येते. एरवी हा वेळ ३० मिलिसेकंदांच्या आसपास असे. त्या वेळी तो दोन सेकंदांच्या वर गेला होता. मग मी फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामला मर्यादा घातली: लाइनच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त वापरायचे नाही. कॉल लगेच स्वच्छ झाला. फाइलींना पन्नास मिनिटांऐवजी तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला, एवढेच.

लाइन तीच, यंत्रे तीच. मग ते दोन सेकंद कुठे अडकले होते? या प्रश्नाच्या मागे मी बराच काळ फिरलो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मूळ निबंध मिळवून वाचायचे आणि न कळलेले कागदावर आकडे मांडून पुन्हा करून पाहायचे, अशी माझी पद्धत. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे, कारण हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. वाहिनीची क्षमता ही एक गोष्ट आणि तिच्यातून प्रत्यक्षात किती माहिती पलीकडे पोचते ही दुसरी. या दुसऱ्या आकड्याला तंत्रज्ञ थ्रूपुट म्हणतात. पाइप सहा इंची आहे म्हणून नळाला पाणी येतेच असे नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जाहिरातीत छापतात ती क्षमता. अनुभवाला येतो तो थ्रूपुट. या दोन आकड्यांत किती अंतर पडू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८६ सालचे आहे.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि तिच्या पायथ्याशी कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्ही ठिकाणच्या संगणकांमधले अंतर ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे मीटरहून थोडे अधिक. मध्ये जाळ्याचे दोनच टप्पे. या वाटेवर माहिती सेकंदाला ३२ हजार बिट या वेगाने जात असे. ऑक्टोबर १९८६ मध्ये हा वेग ४० बिटांवर आला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. म्हणजे सेकंदाला रोमन लिपीतली पाच अक्षरे. त्या काळच्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीतला मजकूर एरवीच्या वेगाने दीड मिनिटात गेला असता. या वेगाने त्याला साडेवीस तास लागले असते. फ्लॉपी खिशात घालून टेकडी उतरायला दहा मिनिटे पुरली असती.

आश्चर्य असे, की तारा तुटलेल्या नव्हत्या. वाहिन्या गच्च भरून वाहत होत्या. त्या कशाने भरल्या होत्या, हे समजण्यासाठी जाळ्याचे काम कसे चालते ते पाहावे लागेल.

इंटरनेटवर कोणतीही फाइल सलग जात नाही. तिचे हजार-दीड हजार बाइटचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात, मी पाकीट म्हणतो. वाटेवर राऊटर असतात. रेल्वे टपालाच्या वर्गीकरण कार्यालयात पोती येतात आणि पुढच्या गाडीत चढतात, तसे राऊटर पाकिटांचे करतात. येणारी पाकिटे जास्त आणि पुढची गाडी लहान असेल तर ती रांगेत ठेवतात. या रांगेच्या जागेला बफर म्हणतात. जागा संपली की राऊटर नवे पाकीट सरळ टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. टपालाशी असलेले साम्य इथे संपते.

हरवलेल्या पाकिटाची काळजी दोन टोकांच्या संगणकांनी घ्यायची असते. टीसीपी नावाचा नियमसंच ते काम करतो. पाकीट मिळाले की पलीकडचा संगणक पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. नियम निर्दोष वाटतो, पण घोटाळा त्यातच होता. रांग लांबली की पाकीट हरवलेले नसते, वाटेत उभे असते. पाठवणाऱ्याची घड्याळमर्यादा संपते आणि तो दुसरी प्रत सोडतो, मग तिसरी. त्या प्रतींनी रांग आणखी लांबते आणि इतरांच्याही मर्यादा संपतात. अखेर वाहिनी भरून वाहते, पण तिच्यातली बहुतेक पाकिटे आधीच पोचलेल्या किंवा पोचणार असलेल्या मजकुराच्या प्रती असतात.

जॉन नेगल यांनी फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करताना जानेवारी १९८४ मधल्या एका टिपणात या धोक्याला 'कन्जेशन कोलॅप्स' असे नाव देऊन ठेवले होते. जाळे एकदा या अवस्थेत गेले की त्यातून आपोआप बाहेर येत नाही, ही अवस्था स्थिर असते, असेही त्यांनी नोंदवले होते. दोन वर्षांनी बर्कलीच्या टेकडीवर ते प्रत्यक्षात उतरले.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरेल्स यांनी या कोंडीचा पाठपुरावा केला. ऑगस्ट १९८८ मध्ये जेकबसन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातले उपाय तोपर्यंत बर्कली युनिक्समध्ये दाखल झालेही होते. त्यांनी नवी तार ओढली नाही की राऊटरला अधिक हुशार केले नाही. पाठवणाऱ्याचे वागणे बदलले.

त्यांच्या विचाराचा गाभा असा. पोच न आलेली किती पाकिटे एका वेळी वाटेत असू द्यायची, याचा एक आकडा प्रत्येक पाठवणाऱ्याकडे असतो. त्याला विंडो म्हणतात. आपण त्याला उधारी म्हणू. जुनी उधारी फिटली, म्हणजे पोच आली, की नवे पाकीट सोडायचे. त्यामुळे पोचांच्या तालावर पाकिटे सुटतात आणि वाहिनी जेवढे झेपवते तेवढेच तिच्यात शिरते. प्रश्न उरतो तो उधारीची मर्यादा किती असावी हा, कारण वाहिनी किती मोठी आहे आणि तिच्यावर आणखी किती जण आहेत, हे कुणीच सांगत नाही.

ते चाचपडत शोधायचे. सुरुवातीला एक पाकीट, त्याची पोच आली की दोन, मग चार, मग आठ. या टप्प्याला 'स्लो स्टार्ट' म्हणतात. नाव संथ असले तरी वाढ दुपटीची आहे. एका मर्यादेनंतर मात्र दर फेरीला फक्त एक पाकीट वाढवायचे. आणि पाकीट हरवले की पुढे कोंडी आहे असे समजून मर्यादा निम्मी करायची. (पहिल्या आवृत्तीत एकापासून पुन्हा चढून त्या निम्म्यापर्यंत यावे लागे. १९९० मधल्या आवृत्तीपासून बहुतेक वेळा थेट निम्म्यावरून पुढे जाता येऊ लागले.) चढताना एकेक पायरी, उतरताना निम्मा जिना.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो अतिसावध वाटला. वाढ बेरजेने आणि घट भागाकाराने, असे का? याचे उत्तर डा-मिंग चिऊ आणि राज जैन यांच्या १९८९ च्या निबंधात मिळाले, आणि ते कागदावर करून पाहण्याजोगे आहे. समजा वाहिनीत १०० पाकिटांची जागा आहे. एकाकडे ९० आहेत आणि नव्याने आलेल्याकडे १०. कोंडी झाली, दोघांनी निम्मे केले: ४५ आणि ५. आता दोघे एकेकाने वाढत जातात. जागा भरेपर्यंत प्रत्येकाचे २५ वाढतात: ७० आणि ३०. पुन्हा कोंडी: ३५ आणि १५. पुन्हा भर: ६० आणि ४०. पुढच्या फेरीत ५५ आणि ४५. दोघांना एकमेकांचे अस्तित्वही माहीत नाही, मध्ये कुणी वाटप करणारा नाही, तरी ते समान वाट्याकडे सरकत जातात. वाढ आणि घट दोन्ही एकेकाने केल्या असत्या तर ८० चा फरक कायम राहिला असता. दोन्ही पटीत केल्या असत्या तर नऊास एक हे प्रमाण कायम राहिले असते. वाढ सर्वांना सारखी आणि कपात ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे, या जोडीमुळेच विषमता घटते. अर्थशास्त्राच्या वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल.

मात्र हा न्याय अपुरा आहे, आणि त्याच्या दोन उणिवा आपल्याशी थेट संबंधित आहेत.

पहिली उणीव अंतराची. वेग म्हणजे उधारी भागिले एका फेरीचा वेळ. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायला पाकिटाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. मुंबईतल्या मुंबईत १० पुरतात असे धरू. सेकंदाला १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वापरायची तर न्यूयॉर्कच्या वाटेवर सुमारे १,६७० पाकिटांची उधारी लागते, मुंबईत ८३ ची. आता एक पाकीट हरवले, दोन्ही निम्म्यावर आल्या. मुंबईतला प्रवाह ४२ फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत पूर्ववत होतो. न्यूयॉर्कच्या प्रवाहाला ८३५ फेऱ्या लागतात. एका फेरीला पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ, म्हणजे एकूण पावणेतीन मिनिटे. चूक तीच, शिक्षा चारशेपट.

मॅथ्यू मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावरून एक सूत्र बांधले: थ्रूपुट फेरीच्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा हजारांत एक पाकीट हरवते असे धरून मी आकडे घातले. न्यूयॉर्कच्या वाटेवर सेकंदाला सुमारे ७ मेगाबिट मिळतात. मुंबईत याच हिशेबाने १४० येतात, म्हणजे १०० ची लाइन पुरी भरते. ग्राहकाने पैसे शंभराचे मोजलेले असतात. दूरच्या प्रवाहाच्या हाती सात येतात, आणि कुठेही काही बिघडलेले नसते.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. तेव्हा ही शिस्त सात वर्षांची झालेली होती, आणि ती संगणकाच्या सॉफ्टवेअरमधूनच आपल्याकडे आली. पण आपण पाहत असलेली बहुतेक पाने समुद्रापलीकडे होती. एवढेच नव्हे, तर देशातल्या देशात दोन वेगळ्या सेवादारांच्या ग्राहकांमधली पाकिटेही अनेकदा परदेशात जाऊन परत येत. २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया स्थापन झाले, ते ही देशी पाकिटे देशातच एकमेकांना देता यावीत म्हणून. त्यातून परदेशी वाहिनीचा खर्च वाचतो हे उघड होते. फेरीचा वेळ कमी होऊन त्याच लाइनवर थ्रूपुट वाढतो, हा दुसरा लाभ वरच्या सूत्रात दडलेला आहे. मोठ्या कंपन्या आज आपल्या लोकप्रिय मजकुराच्या प्रती मुंबई-चेन्नईत ठेवतात, त्याचेही एक मोठे कारण हेच.

नियमातही बदल झाले. २००६ पासून लिनक्समध्ये 'क्यूबिक' ही पद्धत रूढ झाली. सांगत्ये हा आणि इंजाँग री यांच्या या पद्धतीत वाढ फेऱ्यांच्या हिशेबाने होत नाही, तर शेवटची कोंडी होऊन किती वेळ गेला त्यावर होते. त्यामुळे दूरच्या प्रवाहाची शिक्षा बरीच सौम्य झाली. पुरती गेली नाही.

दुसरी उणीव मोजमापाची. समान वाटा मिळतो तो माणसाला नव्हे, जोडणीला. डायल-अपच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी 'डाउनलोड मॅनेजर' वापरले असतील. एकाच फाइलचे आठ तुकडे करून ते आठ जोडण्यांतून आणत. कोंडीच्या ठिकाणी शेजाऱ्याला एक वाटा आणि आपल्याला आठ. एखाद्या जोडणीचे पाकीट हरवले तर तिचाच वाटा निम्मा होई, उरलेल्या सात शाबूत. मीही ते आनंदाने वापरले आहे. फाइल लवकर आली म्हणजे प्रोग्राम चांगला, एवढेच तेव्हा कळत होते. ती कुणाच्या वाट्यातून लवकर आली, हा प्रश्न मनात आला नाही.

आता त्या रविवारच्या दोन सेकंदांकडे वळतो. पाकीट हरवले की थांबायचे, हा नियम असल्यामुळे वेळेवर हरवणे ही गरज असते. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्येच सुचवले होते, की रांग पूर्ण भरण्याआधी राऊटरने अधूनमधून एखादे पाकीट टाकून इशारा द्यावा. पण पुढे मेमरी स्वस्त झाली आणि यंत्र बनवणाऱ्यांनी मोठे बफर घातले. पाकीट हरवणे वाईट, म्हणून जागा जास्त ठेवावी, असा सरळ विचार. माझी वर जाणारी लाइन सेकंदाला एक मेगाबिटची होती. तिच्या तोंडाशी २५६ किलोबाइटचा बफर असेल तर तो रिकामा व्हायला दोन सेकंद लागतात. माझ्या फाइलींनी असाच बफर काठोकाठ भरला होता. पाकीट हरवत नव्हते, म्हणून माझा संगणक थांबत नव्हता. आणि पत्नीच्या आवाजाचे प्रत्येक पाकीट माझ्या छायाचित्रांच्या मागे रांगेत दोन सेकंद उभे होते. जिम गेटिस यांनी २०१० च्या अखेरीस आपल्या घरच्या जोडणीवर हाच प्रकार मोजला आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव मिळाले. मी ८० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा रांग भरेनाशी झाली. मी गमावला तो पाचवा हिस्सा वेग, आणि घराला परत मिळाले ते दोन सेकंद.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली. तिच्यात राऊटर रांगेची लांबी पाहत नाही, पाकीट रांगेत किती वेळ उभे आहे ते पाहतो. हा वेळ बराच काळ ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की तो पाकिटे टाकू लागतो. हिचे सुधारित रूप आज अनेक घरगुती राऊटरमध्ये मिळते, पण बहुधा ते आपणच सुरू करावे लागते.

इथवरची गोष्ट समाधानाची वाटावी. मला अस्वस्थ करते ती पुढची. जेकबसन यांची शिस्त पाळलीच पाहिजे असा कायदा नाही आणि ती न पाळणाऱ्याला पकडणारी सार्वत्रिक यंत्रणाही नाही. तरी ती तीन दशके टिकली. लोक सद्गुणी होते म्हणून टिकली, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. ती टिकली कारण ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत होती. थोड्याच सिस्टिम होत्या, त्यांचे नियम जाहीर चर्चेतून ठरत, आणि सामान्य वापरणारा त्यांना हात लावत नसे.

ही परिस्थिती बदलते आहे. २०१६ मध्ये गूगलने 'बीबीआर' ही पद्धत पुढे आणली. तिच्या कर्त्यांत खुद्द जेकबसन आहेत. पाकीट हरवण्याची वाट न पाहता वाहिनीची क्षमता आणि फेरीचा किमान वेळ सतत मोजत राहायचे, अशी ती पद्धत आहे. रांग न भरता वेग मिळवण्याचा हा विचार चांगला आहे. पण तिच्या पहिल्या आवृत्तीवर स्वतंत्र अभ्यासकांनी काम केले तेव्हा दिसले, की काही परिस्थितींत समोर जुन्या पद्धतीचे कितीही प्रवाह आले तरी ती आपला वाटा त्या प्रमाणात कमी करत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत हे सुधारण्याचा प्रयत्न झाला. मात्र सुधारणा कधी आणि किती करायची, हे ठरवणारी मुख्यतः तीच कंपनी. त्यातच २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक' या नव्या नियमसंचाने कोंडी-नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर काढून थेट ॲपमध्ये आणि सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये नेले. ज्यांच्याकडे दोन्ही टोके आहेत, त्यांना उद्या सकाळी नियम बदलता येतो, आणि शेजारच्या प्रवाहाला तो बदलल्याचे कळतही नाही.

त्यांनी तो वाईट हेतूने बदलावा असे मी म्हणत नाही. मोठ्या कंपनीलाही कोंडलेले जाळे नको असते. पण मीही डाउनलोड मॅनेजर वाईट हेतूने वापरला नव्हता. आपल्या टोकाला वेग वाढलेला दिसतो, कमी झालेला वाटा दुसऱ्याच्या घरात असतो. म्हणून अशा बदलांचे मोजमाप स्वतंत्र लोकांनी करणे आणि ते जाहीर होणे, एवढी किमान अपेक्षा ठेवायला हवी. इंटरनेटचा वेग विकणाऱ्यांनीही भरलेल्या लाइनवर निरोपाला किती वेळ लागतो हा आकडा छापावा. तो मोजायला दोन मिनिटे लागतात. एक मोठी फाइल चढवायला लावायची आणि त्याच वेळी निरोपाची ये-जा पाहायची. तीसचे चाळीस झाले तर ठीक. दोन हजार झाले तर बफर फुगलेला आहे, आणि जास्त मेगाबिटची योजना घेऊनही मोठी फाइल जात असताना हाच त्रास पुन्हा होऊ शकतो.

आमच्या घरच्या राऊटरवर मी कोडेलचे सुधारित रूप चालू केले आणि वर जाणाऱ्या वेगाला थोडी मर्यादा घातली. छायाचित्रांचे उरलेले स्कॅन नंतरच्या तीन रविवारी पाठवले. आतून हाक आली नाही.